‘वारस’ शब्दाचा फेरफार

मृत्युपत्र न करता घरातला कर्ता माणूस गेला, की दिवसकार्य उरकल्यावर घरचे तलाठ्याकडे जातात. सोलापूर शहर असो की बार्शी, करमाळा, सांगोल्याचं एखादं गाव, समोर येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “मयताला वारस किती?” किती जमीन, कुठलं घर, हे नंतर. आधी माणसं मोजायची. ती नावं गाव नमुना सहा-कमध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत चढतात; तिथून फेरफार होतो आणि मग सातबारा बदलतो.

त्या प्रश्नातले ‘मयत’ आणि ‘वारस’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. फारसी दफ्तराचं बोट धरून, बहामनी आणि आदिलशाही काळात ते मराठीत उतरले आणि इथलेच झाले. त्यांच्याआधीचा आपला शब्द होता ‘दायाद’. दाय म्हणजे वडिलार्जित धन, आणि ते घेणारा तो दायाद. मराठीच्या बोलण्यातून हा शब्द गेला, त्याची जागा ‘भाऊबंदां’नी घेतली. पण सोलापूर तीन भाषांचं शहर आहे. इथल्या तेलुगू आणि कन्नड घरांच्या भाषेत तो शब्द ‘दायादी’ होऊन टिकला, आणि वाट्याला दोन्ही भाषा ‘पालु’ म्हणतात.

या दायाचं शास्त्र सोलापूरच्या शेजारीच लिहिलं गेलं. हैदराबादच्या रस्त्याने उमरगा ओलांडून कर्नाटकात शिरलं, की बसवकल्याण येतं. तेच जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. सहावा विक्रमादित्य तिथे 1076 ते 1126 राज्य करत होता आणि त्याच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने बाप गेल्यावर मुलाचा हक्क सुरू केला, विज्ञानेश्वराने तो जन्माबरोबरच दिला. ‘सपिंड’ शब्दातल्या पिंडाचा अर्थ त्याने श्राद्धाचा भाताचा गोळा असा न घेता देह असा घेतला. म्हणजे वारसा ठरणार तो रक्ताच्या जवळिकीवर. विभक्त माणूस निपुत्रिक गेला, तर आधी पत्नी, मग मुलगी, मग आई, मग बाप आणि त्यानंतर भाऊ, हा क्रम त्याने मांडला. आईला बापाच्या आधी बसवणारा हा मोठा माणूस होता. पण एकत्र कुटुंबात मुलगा असताना जन्मसिद्ध हक्क मुलालाच होता. मुलीला तो नव्हता.

‘वारस’ शब्द ज्या इस्लामी कायद्यातून आला, तिथे मात्र मुलीचा वाटा ठरलेला होता. भावाबरोबर असेल तर त्याच्या निम्मा, पण ठरलेला. शब्द मराठीत आला आणि ती मुलगी वाटेतच कुठेतरी राहिली. ‘वंशाला वारस हवा’ या वाक्याचा अर्थ मराठी घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या मागे कुणी उरलं नाही, त्याची जमीन ‘गतकुळी’ झाली. सातारा 1848 मध्ये खालसा झालं ते ‘दत्तक वारस नामंजूर’ म्हणून. पाटलाच्या वतनापासून छत्रपतींच्या गादीपर्यंत वारस म्हणजे मुलगा, नसेल तर मांडीवर घेतलेला मुलगा.

1818 मध्ये सोलापूर इंग्रजांकडे गेलं. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत 1827 साली मुंबई इलाख्यासाठी जे विनियम झाले, त्यांतला आठवा वारसांबद्दलचा. न्यायालयातून मिळणारा आपला ‘वारस दाखला’ आजही त्याच्याच आधारे निघतो. अर्ज करायचा, न्यायालय जाहीर नोटीस काढतं, हरकत घ्यायला एक महिना देतं, मग दाखला. पण तो दाखला मालकी देत नाही. मयताच्या मागे मिळकतीची व्यवस्था कोण पाहील एवढंच सांगतो. कोणाला किती, हे ठरतं वारसा कायद्याने.

हा ‘किती’ आपल्याकडे आण्यांत मोजला जाई. सबंध मिळकत म्हणजे सोळा आणे. दोन भाऊ असतील तर आठ-आठ आणे, तीन असतील तर प्रत्येकी पाच आणे चार पै. हीच वाट्याची आणेवारी. जमिनीची खातेफोड व्हायची, भांडी मोजली जायची, वाट्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जायच्या. विहीर फोडता येत नाही, म्हणून तिच्या पाण्याच्या पाळ्या लागायच्या. ‘सामाईक विहीर’ त्या पाळ्यांवरच चालते. इतक्या बारकाईने हिशेब करणाऱ्या पंचांच्या बैठकीत बहिणीचा आणा मात्र निघत नसे. साडीचोळीवर तिची बोळवण व्हायची.

तिच्या नावाचा फेरफार सावकाश झाला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी, विधवा आणि आई यांना मुलाबरोबर वारसांच्या पहिल्या वर्गात बसवलं आणि बाप दुसऱ्या वर्गात गेला. विज्ञानेश्वराचा आईबद्दलचा कौल साडेआठशे वर्षांनी कायद्यात पुन्हा उमटला. वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीला दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेलीला वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. ‘जन्मानेच’ हा कल्याणीत मुलासाठी लिहिला गेलेला शब्द अखेर मुलीपर्यंत पोचला.

कागदावर पोचला. घरात अजून हक्कसोडपत्र पुढे येतं. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, आणि तिला मोठ्या मनाची म्हणतात. तिने मनापासून सोडलं तर तो तिचा अधिकार आहे. पण सोडण्याआधी आपल्याला काय मिळालं होतं, हे तिला कुणीतरी नीट वाचून दाखवलं पाहिजे.

1 एप्रिल 2025 पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, हे तिचं काम. सातबारा जिवंत होतो तो सगळे वारस त्यावर आले म्हणजेच, एकही नाव झाकून नव्हे.

जुन्या आणेवारीने एकदा हिशेब करून पाहा. तीन भावांत सोळा आणे वाटले, की पाच आणे चार पै असा तुटका आकडा येतो. बहिणीला धरलं, की चौघांच्या वाट्याला नेमकी एकेक पावली येते.