केरसुणी आणि कंपनी



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो. माझ्या सासूबाई तर केरसुणी उभी ठेवली तरी रागवायच्या. आज तिच्याच एका गोष्टीसाठी बसलेय. गोष्ट भोपाळची आहे, पण थोडी आपल्या देहू-चाकणचीही.

२ डिसेंबर १९८४ची रात्र. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात शेतात फवारायचं कीटकनाशक बनत होतं. आपण त्याला औषध म्हणतो, बघा. ते करायला लागणाऱ्या मिथिल आयसोसायनेट नावाच्या विषाच्या टाकीत पाणी शिरलं, टाकी तापली आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. सरकारनं कोर्टात सांगितलेला मृतांचा आकडा ५,२९५. तिथल्या संघटना म्हणतात, खरा आकडा याच्या कितीतरी पट आहे.

अशा वेळी लोक पटकन म्हणतात, "देवाची करणी, दुसरं काय?" इथंच मला थांबायचं आहे. विषाची टाकी थंड ठेवणारं यंत्र कित्येक महिने बंद होतं. बाहेर पडणारा वायू जाळून टाकायचा मनोराही बंद होता. ही यंत्रं देवानं बंद केली नव्हती. ज्याचा हिशेब माणसाकडे मागायचा, तो देवाच्या खात्यावर मांडला की माणूस सुटतो. मला तर हा देवाचाही अपमान वाटतो.

आणि माणूस सुटलाच. कंपनीचा अमेरिकेतला प्रमुख वॉरन अँडरसन भोपाळला आला, त्याला अटक झाली, जामीन मिळाला आणि तो मायदेशी गेला. पुन्हा कधी कोर्टात उभा राहिला नाही. २०१४ साली तो वारला. फेब्रुवारी १९८९मध्ये सरकार आणि कंपनीनं ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. वाटणी होताना बहुतेकांच्या हाती आले २५ हजार रुपये. जन्माचा दमा आणि अंधुक डोळे यांची ही किंमत! जून २०१०मध्ये कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, लगेच जामीनही झाला. जास्त भरपाईसाठी सरकारनं केलेला शेवटचा अर्ज सुप्रीम कोर्टानं मार्च २०२३मध्ये फेटाळला. एक मात्र चांगलं झालं. दिल्लीत एका कारखान्यातून वायू गळला, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९८६मध्ये सांगितलं की धोक्याचा धंदा करणाऱ्याला "माझी चूक नव्हती" म्हणून सुटता येणार नाही. नुकसान झालं की भरून द्यायचं. भोपाळकरांच्या पदरात मात्र त्याचा लाभ पडला नाही.

आता त्या दोघी. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला. एक मुसलमान, एक हिंदू. दोघींच्या घरातली माणसं या वायूनं गेली. गॅसपीडित बायकांना काम म्हणून सरकारनं कागदाच्या वह्या-फायली बनवायची शेड काढली, तिथं त्यांची ओळख झाली. पगार कमी म्हणून त्यांनी बायकांची संघटना उभी केली. १९८९ साली तर बायका-मुलांना घेऊन भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेल्या, सातशेच्या वर किलोमीटर. आपण पंढरीची वाट चालतो, त्यामुळे पायाला काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

२००१ साली डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीनं युनियन कार्बाइड विकत घेतली आणि म्हटली, जुनी जबाबदारी आमची नाही. अहो, सासऱ्याची जमीन वाटून घेताना त्याच्यावरचं कर्ज कुणी सोडून देतं का? सोसायटीवाला सोडेल का? मग या बायकांनी झाडू उचलला. "झाडू मारो डाऊ को" म्हणत मुंबईतल्या कंपनीच्या कचेरीत झाडू नेऊन दिले, परदेशातही नेले. तुमची घाण तुम्हीच झाडा, एवढंच त्यांचं म्हणणं.

याच डाऊ कंपनीला चाकणजवळ शिंदे-वासुली इथं संशोधन केंद्रासाठी जागा मिळाली. जवळच भामचंद्र डोंगर. तुकोबा तिथं एकांतात बसत, म्हणून वारकऱ्यांना तो देवळासारखा. सांडपाणी ओढ्यानं इंद्रायणीत उतरेल, ही लोकांची भीती. कंपनी म्हणाली, इथं घातक काही नाही. लोक म्हणाले, आधी भोपाळची घाण काढा, मग बोला. २००८ साली गावकऱ्यांनी रस्ता अडवला. बंडातात्या कराडकर आणि वारकरी मंडळी टाळ-मृदंग घेऊन उतरली. त्या जुलैत जमावानं बांधकामाला आग लावली. ते मला पटत नाही, आजही नाही. आगीमुळे कंपनीलाच गाऱ्हाणं सांगायला जागा मिळाली आणि गावातल्या पोरांवर केसेस झाल्या. पण २०१०मध्ये कंपनीनं तिथून काढता पाय घेतला, हेही तितकंच खरं. नदीला आई म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्या शब्दाचा अर्थ धरून ठेवला.

भोपाळच्या बंद कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा हलवायला मात्र जानेवारी २०२५ उजाडलं. तो पिथमपूरला नेऊन जाळला. तिथले लोकही रस्त्यावर आले होते, आमच्या दारात कशाला म्हणून. कारखान्याभोवतीच्या जमिनीत मुरलेलं विष अजून तिथंच आहे.

रशीदा बी आणि चंपादेवींना २००४ साली गोल्डमन हा जगातला मोठा पर्यावरण पुरस्कार मिळाला. बक्षिसाचे पैसे त्यांनी घरी नेले नाहीत. चिंगारी नावाचा ट्रस्ट काढला. गॅसपीडितांच्या घरी जन्मलेली, हातपाय न चालणारी, न बोलणारी मुलं तिथं येतात. त्यांना चालायला, बोलायला शिकवतात, पैसे घेत नाहीत.