अडकला की अडवला?

‘पुलाचा प्रस्ताव लालफितीत अडकला.’ ‘शिष्यवृत्ती लालफितीत रखडली.’ ‘लालफितीच्या कारभाराचा शेतकऱ्यांना फटका.’ अशी वाक्यं आपण लहानपणापासून वाचत आलोय. आता शाळेतल्यासारखा एक प्रश्न विचारा: हे केलं कोणी? व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे पहिल्या वाक्यातला कर्ता ‘प्रस्ताव’. पण प्रस्तावाला काही हातपाय नसतात. पतंग तारेत अडकावा तसा तो आपोआप अडकलेला असतो. ‘अडकला’च्या जागी ‘अडवला’ लिहून बघा, लगेच वाक्यात एक माणूस लागतो.

लालफीत हा शब्दच मोठा मिश्र आहे. ‘लाल’ फारसीतून आलेला, ‘फीत’ पोर्तुगीजमधून, ‘लालफीतशाही’तली शाही पुन्हा फारसी आणि कल्पना इंग्रजांची. इंग्लंडमध्ये वकिली आणि सरकारी कागदांचे गठ्ठे तांबूस फितीनं बांधत. एकोणिसाव्या शतकात त्या फितीची शिवी झाली. १८५४-५५च्या हिवाळ्यात क्रिमियातल्या युद्धात ब्रिटिश सैनिक थंडीनं मरत होते आणि सामान बंदरात पडून होतं. त्यांना कॉफी मिळाली, पण हिरव्या, न भाजलेल्या बियांची. नियमाप्रमाणे कॉफी दिलेली होती, आता ती भाजायची कशी हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं. त्याच सुमारास चार्ल्स डिकन्सनं ‘लिट्ल डॉरिट’ (१८५५-५७) या कादंबरीत कुठलंही काम होऊ न देण्यात तरबेज असलेलं एक सरकारी खातंच रंगवलं.

आपल्याकडे फितीच्या आधी रुमाल होता. पेशव्यांच्या दप्तरातले मोडी कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पत्राच्या शेवटी मोर्तब, म्हणजे छोटा शिक्का, उठवायची पद्धत होती. मजकूर इथे संपला, आता खाली कुणी ओळ घुसवायची नाही, असा त्याचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब’ तिथूनच आलं. म्हणजे शिक्के आणि नोंदी या माणसाला छळायला जन्मलेल्या नाहीत. त्या लबाडी रोखायला होत्या.

ईस्ट इंडिया कंपनीचं दुखणं वेगळं होतं. मालक लंडनमध्ये, नोकर इथे, मधे कित्येक महिन्यांचा जलप्रवास. मग प्रत्येक निर्णय लिहायचा, त्याची कारणं लिहायची आणि प्रती पाठवायच्या. जॉन स्टुअर्ट मिल हा विचारवंत १८२३ ते १८५८ अशी ३५ वर्षं कंपनीच्या लंडनच्या कचेरीत हिंदुस्थानचे खलिते लिहीत होता, पण हिंदुस्थानात कधीच आला नाही. कारभार कागदावरून चालायचा आणि ज्याच्यावर चालायचा तो माणूस समोर कधी यायचाच नाही. साहेब गेले, सवय राहिली.

ती सवय मी घरात पाहिली आहे. आजोबा गेल्यावर बाबांनी वारस नोंदीसाठी अर्ज दिला. चौदा महिने हेलपाटे घातले. दर खेपेला उत्तर एकच, ‘कागद वर गेलाय.’ सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बँकेनं पीककर्ज दिलं नाही, आणि त्या वर्षीचं खरीप बाबांनी सावकाराच्या पैशावर केलं. शेवटी मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. तक्रार केली नाही. कागद कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या पदावरच्या व्यक्तीकडे होता, एवढंच विचारलं. उत्तर यायच्या आत नोंद झाली. उत्तरात कळलं की कागद वर कधी गेलाच नव्हता. सावकाराचं व्याज मात्र आम्ही पुढची दोन वर्षं फेडत होतो.

तेव्हा समजलं की याला कायदासुद्धा आहे. लोक त्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. पूर्ण नाव बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध असं लांबलचक आहे. २००५चा हा महाराष्ट्राचा अधिनियम १ जुलै २००६पासून लागू झाला. सर्वसाधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात लिहिलं आहे. मुद्दाम दिरंगाई किंवा हयगय केली तर शिस्तभंगाची कारवाई. मला यातली भाषा महत्त्वाची वाटते. इथे फाइल अडकत नाही, ती कुणाकडे तरी असते.

पळवाट अर्थात आहेच. सातव्या दिवशी एक त्रुटी काढा, फाइल शेजारच्या टेबलावर ढकला, तिथे नवे सात दिवस सुरू. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. कंपनीत तिकिटाची मुदत संपत आली की ‘अधिक माहिती हवी’ लिहून ते दुसऱ्या टीमकडे टोलवायचं, घड्याळ थांबतं. खासगी कंपनीत याला लालफीत म्हणत नाहीत, ‘प्रोसेस’ म्हणतात, आणि कंपनीच्या प्रोसेसला माहितीचा अधिकार लागू नसतो. कायदा करणाऱ्यांना टोलवाटोलवी माहीत असावी. म्हणून दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर ४५ दिवस, असेल तर तीन महिने, अशी अख्ख्या फाइलचीही मुदत त्यात घातली आहे.

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असं आपण हसत म्हणतो. त्या म्हणीतही थांबणारा दिसतो, थांबवणारा दिसत नाही. म्हणून काउंटरवर कुणी ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणालं तर भांडू नका. शांतपणे विचारा, ‘कोणाच्या टेबलावर आहे? किती तारखेपासून?’ आणि उत्तर येईल ते तिथेच, त्यांच्यासमोर लिहून घ्या.