पडलेलं झाड कुणाचं?

तर मंडळी, या वीकांताचा विषय आहे कचरा. म्हणजे वादळानंतर आणि भूकंपानंतर जो ढिगारा उरतो तो. नाक मुरडू नका, गोष्ट वाटते त्यापेक्षा इंटरेस्टिंग आहे.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ डहाणूसमोरून, समुद्रातून गुजरातकडे गेलं. लॉकडाऊन होता, वर्क फ्रॉम होम होतं, त्यामुळे मी घोलवडला मामाकडे मुक्काम ठोकून होतो. वीज गेली, नेट गेलं, ऑफिसला कळवायला रेंजसुद्धा नाही (खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं). सकाळी वाडीत गेलो तर चिकूची झाडं आडवी आणि खाली कच्च्या फळांचा सडा. मी आपला इंजिनिअर माणूस, लगेच म्हटलं, "मामा, करवत आण, साफ करून टाकू."

"हात लावू नकोस. पंचनामा व्हायचाय."

मला पटेना. पण मामाचं बरोबर होतं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येऊन बघणार, नुकसान निदान 33 टक्के आहे का ते ठरवणार, मग मदत. झाड उचललं की पुरावा गेला. ज्याला मी कचरा समजत होतो तो मामाचा साक्षीदार होता! आठवडाभर आम्ही त्या झाडांना वळसा घालून विहिरीवर जात होतो.

तेव्हापासून हा किडा डोक्यात शिरला. पडलेली वस्तू नक्की कुणाची, आणि तिला काय म्हणायचं हे कोण ठरवतं?

इंग्रजांनी हा प्रश्न फार आधी सोडवून ठेवला होता, स्वतःच्या बाजूने. 1927 च्या भारतीय वन कायद्यात इमारती लाकडाची व्याख्या आहे. तिच्यात तोडलेली झाडं येतात, तशी आपोआप पडलेलीही येतात. कलम 45 तर कमाल आहे. पाण्यावर वाहत आलेलं, किनाऱ्याला लागलेलं, अडकलेलं किंवा बुडालेलं लाकूड कुणी मालकी सिद्ध करेपर्यंत सरकारचं. 1878 च्या कायद्यातही हे होतंच. जहाजं आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवान हवं होतं, नदीतून ओंडके सोडले जात, त्यांची चोरी होऊ नये हा हेतू. राज्य सरकार सूट देऊ शकतं, पण मूळ गृहीत तेच: वादळाने टाकलेलं लाकूड आधी सरकारचं. आणि डहाणू-तलासरीत तर वारल्यांची चूल आणि घर दोन्ही जंगलावर उभं!

आता घराकडे येऊ. वारली कुडाचं घर तुम्ही बघितलं असेल. कारवीच्या काठ्यांची भिंत, वर माती-शेणाचा लेप. अशी भिंत पडली तर काठ्या पुन्हा भिंतीत किंवा चुलीत, माती भिजवून पुन्हा लेपात. घंटागाडीला द्यायला काही उरतच नाही. झीरो वेस्ट वगैरे आपण आता कॉन्फरन्समध्ये ऐकतो... असो.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. एक मोठा धक्का आणि संपलं असं नाही, छोटे छोटे, दिवसरात्र. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 चा झाला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. लोक तंबूत राहू लागले. हलकी कुडाची भिंत हलते, वाकते. कच्च्या विटांची, कमी सिमेंटची भिंत तडकते. म्हणजे ज्याने जरा ‘पक्कं’ घर बांधलं त्याच्याच भिंतीला भेगा.

आता त्या काळचे (2015 ते 2020) आपत्ती मदतीचे निकष बघा. पूर्ण पडलेलं घर, कच्चं असो वा पक्कं, सपाट भागात 95,100 रुपये. अंशतः पडलेलं पक्कं घर 5,200, कच्चं 3,200, पण पडझड निदान 15 टक्के हवी. आणि झोपडी? 4,100. झोपडीची व्याख्या काय, तर कच्च्या घराहून कमी दर्जाचा, गवत, माती, प्लास्टिक वगैरेंचा तात्पुरता आसरा. म्हणजे पंचनाम्यात ‘कच्चं घर’ लिहिलं तर 95,100, ‘झोपडी’ लिहिलं तर 4,100. एका शब्दात 23 पटींचा फरक! 2022 पासून हे आकडे 1,20,000 आणि 8,000 झाले, म्हणजे 15 पट. पिढ्यान्‌पिढ्या राहतं कुडाचं घर तात्पुरतं कसं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

शिवाय हे निकष एका तारखेला घडलेल्या घटनेसाठी आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबलात तारखेचा कॉलम एकच. भेग रोज केसभर वाढत असेल तर ती कुठल्या धक्क्याच्या नावावर टाकायची?

निकष बदलत नाहीत असंही नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत बागांना हेक्टरी 50,000 जाहीर झाले, पण कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत. शेवटी हिशोब झाडावर आला: नारळाला 250 रुपये, सुपारीला 50. निदान झाड मोजलं गेलं.

तौक्तेनंतर तिसऱ्या दिवशी मी बोर्डीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सुरूच्या फांद्या, ओंडके आणि त्यात अडकलेलं ढीगभर प्लास्टिक. दुधाच्या पिशव्या, चपला, शाम्पूच्या पुड्या. आपल्याच घरांतून नाल्यात, नाल्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात गेलेलं. त्यावर मालकी सांगणारं कलम अजून तरी मला सापडलेलं नाही. लाकूड मात्र उचललं जात होतं. दोन बायका मोळ्या बांधत होत्या. एकीने मला हाक मारली, "जरा हात लाव रे पोरा." मी मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. कलम 45 तेव्हा मी वाचलेलं नव्हतं.