ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी कशी धुतात? विदर्भाच्या उन्हाळ्यात काय सांभाळायचं?

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा आणि फिल्मचं सामान घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म धुतली गेली ती त्यांच्या दादरच्या घरी. फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती डेव्हलप करण्यापर्यंतच्या कामात पत्नी सरस्वतीबाईंचा हात होता. ३ मे १९१३ रोजी चित्रपट गिरगावात लोकांसमोर आला. आज तर एक रोल घरी धुणं याहून खूप सोपं आहे.

अंधार किती वेळ लागतो?

फक्त रोल टाकीत भरेपर्यंत. झाकण लागलं की पुढचं काम उजेडात होतं. पण भरताना लाल दिवाही चालत नाही. फाळक्यांच्या काळातल्या फिल्मवर लाल उजेडाचा फारसा परिणाम होत नसे, आजच्या फिल्मवर होतो. आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर हात बसवा.

रसायनं काय करतात?

- डेव्हलपर: प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांचं काळ्या चांदीत रूपांतर करतो.
- स्टॉप बाथ: ही क्रिया थांबवतो.
- फिक्सर (हायपो): उरलेले क्षार काढतो. फिल्मचा तुकडा त्यात पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवा.

शेवटी फिल्म पाण्यानं धुऊन धूळ नसलेल्या जागी वाळवायची.

तापमान इतकं महत्त्वाचं का?

उष्णतेत डेव्हलपर वेगानं काम करतो. इलफर्ड एचपी-५ प्लस फिल्मला न पातळ केलेल्या आयडी-११ मध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, २४ अंशांना साधारण सव्वापाच. भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीसारख्या गावात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी चटका देतं. त्या पाण्यात निगेटिव्ह गरजेपेक्षा काळी होते. एकदा बिघडलेला रोल परत धुता येत नाही.

मग काय करायचं?

काम पहाटे करा. माठातलं पाणी वापरा. रसायनांच्या बंद बाटल्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात ठेवा. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. थर्मामीटर मात्र डेव्हलपरमध्येच बुडवा. सगळी रसायनं आणि धुण्याचं पाणी जवळपास एकाच तापमानाला असू द्या. एकदम फरक पडला तर फिल्मवर जाळीसारख्या सुरकुत्या पडतात. डेव्हलपरमध्ये तितकंच पाणी मिसळलं तर वेळ वाढतो आणि काही सेकंदांची चूक खपून जाते. असा पातळ डेव्हलपर एकदाच वापरायचा.

वापरलेलं फिक्सर कुठे टाकायचं?

त्यात चांदी उतरलेली असते. ते विहिरीजवळ किंवा तलाव-बोडीत ओतू नका. कॅनमध्ये साठवून फिक्सरमधून चांदी काढणाऱ्यांकडे द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाची भांडी या कामाला वापरू नका.