दारफळणीचा सण आणि स्वयंपाकघरातला धूर



आपल्या सणांची जुनी मराठी नावे आपण हौसेने मुलांना सांगतो. नव्याचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण आणि योम किप्पूरचा दारफळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी कोकणातली आपली माणसे दारे बंद करून उपासाला घरात बसत. दिवसभर अशी दारे लावून बसता येत होते, याला एक साधे कारणही होते. त्या दिवशी चूल थंड असे. एरवी आपल्या घरांना दार हेच धुराडे होते.

नवगाव, रेवदंडा, अलिबाग, पेण, रोहे या जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांतली घरे आठवा. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. मातीची चूल, तिला लागून वैल. जळण म्हणजे लाकूडफाटा, सुक्या झावळ्या, सोडणे, करवंट्या आणि गोवऱ्या. पावसाळ्यात हे सगळे दमट होई आणि फुंकणी फुंकून डोळे लाल होत. खिडकी असलीच तर हातभर. धूर आधी वर चढे आणि नळीच्या कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडे. उरलेला मागच्या दाराने. तो अगदीच वाया जात होता असे नाही. धुरामुळे वाशांना कीड कमी लागे, चुलीवर टांगलेले बियाणे टिके. पण हा नफा घराचा होता आणि तोटा चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा.

आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आपला घाणा बंद असे. ही गोष्ट आपण नेहमी घाण्यावरच्या पुरुषांची म्हणून सांगतो. पण शुक्रवारी सूर्यास्ताआधी रांधून झाले की शाब्बाथला चूल पेटवायची नाही, हाही तोच नियम. आठवड्यातला तो एक दिवस आपल्या आज्यांच्या डोळ्यांना आणि छातीलाही सुटी देत होता. इतिहास लिहिताना ही बाजू आपण विसरलो आहोत.

पुढे आपण मुंबईला आलो. सामाजी हसाजी, म्हणजे समुएल दिवेकर यांनी १७९६ साली तिथे पहिले सिनेगॉग बांधले. मुंबईत पोटाला मिळाले, पण मागचे दार गेले. चाळीच्या एका खोलीत एका कोपऱ्यात स्वयंपाक, दुसऱ्या कोपऱ्यात तान्हे मूल. १८९६ साली प्लेग आला. १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि पुढे त्याने ६३.५ अंशांचा नियम आणला. इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीहून जास्त असू नये, म्हणजे खालच्या खोलीतही उजेड आणि वारा पोचेल, असा त्याचा अर्थ. नियम चांगला होता. पण तो बाहेरचा उजेड आत कसा येईल ते पाही. आतला धूर बाहेर कसा जाईल, हे त्याने विचारले नाही.

मग रॉकेलचा स्टोव्ह आला. स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास बनवलेला प्रायमस आपल्याही घरांत पोचला. भिंती काळ्या होणे कमी झाले आणि धूर संपला असे वाटले. खरे तर तो दिसेनासा झाला. रॉकेल जळताना कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण सुटतातच.

१९४८ नंतर आपण इस्राएलला येऊ लागलो. दिमोना १९५५ साली वसले, अश्दोद १९५६ साली. भाषा नवी, हवा नवी, पण स्वयंपाकघरात एक ओळखीचे माणूस भेटावे तसा प्रायमस भेटला. सोबत वातीची प्तिलिया होती. नेगेवच्या थंडीत घर ऊब धरावे म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या आणि आत रॉकेल जळत असलेले, असा हिवाळा आपल्यातल्या थोरांना आठवत असेल.

खिडक्या लावण्याचे दुसरे कारण आपण मोठ्याने बोलत नाही. बोंबील तळले, हिरव्या वाटणाची फोडणी दिली, की वास जिन्यात जाई आणि कोणी नाक मुरडे. मग आपण खिडकी लावली. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून आपल्या आया बंद खोलीत तळण तळत राहिल्या. वास लपला, पण जे लपले ते त्यांच्या श्वासातून आत गेले.

आज यातले बरेच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या जळणाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तिच्याच संस्थेने २०१० साली भडक आचेवरच्या तळणाचा धूर ‘बहुधा कर्करोगजनक’ या गटात टाकला. म्हणजे आज घरात लाकूड नाही, रॉकेल नाही, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो.

तेव्हा घरी एवढे पाहावे. शेगडीवरच्या हूडची नळी खरोखर बाहेर जाते का? नसेल, तर तो हवा जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. तेलकटपणा आणि थोडा वास अडतो, वायू अडत नाहीत. नळी असेल तर हूड तळणाच्या आधी लावावा आणि नंतरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. तळण मागच्या बर्नरवर करावे, तिथला धूर हूड जास्त ओढतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात. बोंबील असोत, घारे असोत, खिडकी लावू नये.

आणि एक विनंती. घरात कोणी आजी, मावशी, आत्या असेल तर तिला विचारा: तुझी चूल कुठे होती, खिडकी कुठल्या बाजूला उघडायची, धूर कोणाच्या तोंडावर यायचा? मिळेल ते उत्तर लिहून ठेवा. आपल्या सिनेगॉगांच्या भिंतींची मापे आपल्याकडे आहेत. स्वयंपाकघरांची घेऊन ठेवायची राहिली आहेत, आणि ती सांगू शकणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत.