उस्मानाबादचा चौथा गट

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम करणारा डॉक्टर लंडनचा असो की नैरोबीचा, त्याच्या कानावर ‘उस्मानाबाद’ हे नाव आलेले असते. जिल्हा आता धाराशिव झाला, तरी वैद्यकीय नियतकालिकांत तो जुन्याच नावाने राहणार. मराठी वाचकाला मात्र या संशोधनाची गंधवार्ता नाही. मी वैद्यक शिकलेला नाही. छापील तक्त्यांमागची माणसे शोधायची खोड मात्र जुनी आहे.

या हकिगतीचे मूळ शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला आहे. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत कर्करोगाचे रुग्ण किती, हे मोजायचे होते. शहरात रुग्णालयाची कागदपत्रे चाळून हे काम होते. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते, तर कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले, बायकांशी बोलले. पाळी जाऊन वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अंगावरून सतत पांढरे जाऊ लागले, तर दुखणे अंगावर काढू नका, असे सांगत राहिले. काही वर्षांत लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण वाढले. मोजायला गेलेल्या माणसांनी मोजता मोजताच थोडे उपचाराचे काम केले, असे मी म्हणेन.

ही घडी बसलेली होती म्हणूनच पुढची मोठी चाचणी इथे होऊ शकली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. डॉ. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. नेने ही त्यातली प्रमुख नावे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. कोणत्या समूहाला कोणती तपासणी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. पहिल्या गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी. तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला पातळ अॅसेटिक आम्ल, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगर, लावून पांढरा पडणारा भाग नुसत्या डोळ्यांनी पाहायचा. तपासणी प्रत्येकीची एकदाच. चौथ्या गटाची तपासणी नाही. ती हवी असेल तर कुठे जावे, एवढी माहिती दिली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निष्कर्ष छापले. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांतल्या ३४ या कर्करोगाने गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८, आणि मृत्यू ६४. बळावलेल्या अवस्थेतले रुग्ण पहिल्या गटात ३९, चौथ्यात ८२. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यू अनुक्रमे ५४ आणि ५६. चौथ्या गटाशी तुलना करता ही घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. विषाणू न आढळलेल्या स्त्रियांपैकी एकही या आजाराने दगावली नाही. एचपीव्ही तपासणीला पुढे जगभर जो अग्रक्रम मिळाला, त्यामागच्या पुराव्यात या खेड्यांचा वाटा मोठा आहे.

आता ते ६४. याच चाचणीवर आणि मुंबई व तमिळनाडूतल्या दिंडिगल इथल्या अशाच चाचण्यांवर नंतर आक्षेप आले. पॅप तपासणीचा उपयोग दशकानुदशके ठाऊक असताना एका गटाला तपासणीविना का ठेवले? संशोधकांची बाजू अशी की, सरकारी व्यवस्थेत या बायकांची नियमित तपासणी होतच नव्हती. चौथ्या गटाला मिळाली ती नेहमीचीच सेवा. हे खरे आहे. पण ‘नेहमीची सेवा’ या दोन शब्दांच्या पोटात शून्य होते आणि ते शून्य कागदावर सभ्य दिसते, हेही खरे. मला संशोधकांना खलनायक करायचे नाही. तीन गटांतल्या कित्येक स्त्रिया त्यांच्यामुळे वाचल्या. तरी तुलनेसाठी रिकामा गट सहज मिळाला, तो या जिल्ह्याच्या गरिबीमुळे. श्रीमंत देशात तो मिळाला नसता.

याहून मोठा हिशेब मला पुढच्या वर्षांचा वाटतो. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे स्वस्त पद्धतही चालते; फक्त बायकांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने व्हिनेगरची तपासणी दर पाच वर्षांनी करण्याचा आराखडा काढला. त्यानंतर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, ही तपासणी कधी केली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. बाकीच्या अजून चौथ्याच गटात आहेत, आणि त्यांची नोंद ठेवणारी बार्शीसारखी माणसे गावोगाव नाहीत.