हार्बिनचा मास्क

२०२१च्या बकरी ईदला आपाच्या घरी गेलो, तेव्हा माझे दोन्ही डोस झाले होते. मास्क खिशात. आपाने दारातच अडवलं. "तुझं झालं रे, माझ्या पोरांना अजून लस कुठं आलीय?" सणाच्या दिवशी दारात उभं करते म्हणजे काय! मला राग आला.

पुढे मांचुरियातल्या १९१०-११च्या प्लेगबद्दल वाचताना तोच दरवाजा आठवत राहिला. पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला ३१ वर्षांचा डॉक्टर वू लिएन-तेह हार्बिनला पोहोचला. मुंबई-पुण्याने पाहिलेला प्लेग गाठीचा, उंदीर-पिसवांचा. हा फुफ्फुसाचा होता. खोकल्यातून माणसाकडून माणसाला जातो, असं वूचं म्हणणं. त्याने कापूस आणि गॉजचा साधा मास्क केला आणि रोग्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने तो बांधावा, असा आग्रह धरला.

फ्रेंच डॉक्टर मेनी वयाने आणि अनुभवाने मोठे. त्यांना हे पटलं नाही. एका तरुण चिनी डॉक्टरने शिकवावं, हेही रुचलं नसावं. ते मास्क न लावताच रुग्ण तपासायला गेले आणि जानेवारी १९११मध्ये, काही दिवसांतच, त्याच प्लेगने वारले. त्यानंतर शहरात मास्क दिसू लागले. साथीत एकूण सुमारे ६० हजार माणसं गेली.

मेनींनी धोका स्वतःपुरताच पत्करला, असं मला आधी वाटलं. पण डॉक्टर एका खाटेपाशी थोडाच थांबतो?

परवा आपाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तू त्या दिवशी बिर्याणी न खाताच निघून गेला होतास."